गवत आणि झाडांच्या मजुरीसाठी लढलेल्या गोदूताई

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात झाड आणि गवत यांचे नाते फार जुने आहे. दाट सावलीत गवत धरत नाही. फांद्या छाटल्या की जमिनीवर ऊन पडते आणि वरकस माळ हिरवा होतो. त्याच छाटलेल्या डहाळ्या जाळून केलेल्या राबावर नागली-भाताची रोपे उगवतात. फांद्या तोडणारे आणि गवत कापणारे हात वारली, कोकणा, ठाकर, कातकरी यांचे; माल आणि नफा मात्र जमीनदार-ठेकेदारांचा. या हातांच्या श्रमाला दाम मिळवून देण्याच्या लढ्याशी गोदावरी परुळेकर यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यातील सुखवस्तू गोखले कुटुंबात झाला. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. वकिलीची वाट सोडून त्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. मुंबईत त्यांनी साक्षरतेची मोहीम चालवली, घरकामगार स्त्रियांना संघटित केले. १९३९ मध्ये शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले. युद्धविरोधी प्रचाराबद्दल त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला भरलेल्या किसान परिषदेने त्यांच्या आयुष्याला नवे वळण दिले. ठाणे जिल्ह्यात तेव्हा वेठबिगार सर्रास चाले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही पिढ्यान्‌पिढ्या सावकाराचे लग्नगडी होत. गोदूताई पायी पाड्यापाड्यांवर फिरल्या, आदिवासींच्या झोपड्यांत राहिल्या. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी, गोदूताईंची सभा असल्याचा खोटा निरोप पसरवल्यामुळे तलवाड्याला जमलेल्या निःशस्त्र समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. तरीही वारली मागे हटले नाहीत.

खरी कसोटी १९४६ च्या ऑक्टोबरात लागली. पावसाळा सरताच गवत कापणीला येते आणि जंगलतोडीचाही हंगाम सुरू होतो. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये आणि जंगलातील कामाला दिवसाला किमान सव्वा रुपया, अशी किसान सभेची मागणी होती. जमीनदार अडून बसले, तेव्हा संप झाला. कोयते आणि कुऱ्हाडी थांबल्या, उभे गवत माळावर वाळू लागले. कापणीचे दिवस मोजकेच असतात, ही निसर्गाची अडचण प्रथमच मालकाला भोवली. हातावर पोट असलेल्या मजुराला मात्र रोजची चूल थंड राहण्याचा धोका होता, म्हणूनच ती एकजूट विशेष मोलाची. अखेर लाकूड व्यापाऱ्यांना सव्वा रुपयाचा दर मान्य करावा लागला. नंतर सरकारी दडपशाही झाली, पण वेठबिगारीचा कणा मोडला तो मोडलाच.

हे लोण पुढे जव्हार, मोखाडा, वाडा या भागांत पसरले. १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन झाल्यावर राजसत्तेची चौकट बदलली. जमिनीचे आणि जंगलावरील हक्काचे प्रश्न मात्र उरले. १९६५ मध्ये शामरावांचे निधन झाले, तरी गोदूताईंचे काम थांबले नाही. या अनुभवांवरील त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

तलासरीचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्यांच्या आज्यापणज्यांनी अंगठा उठवून आयुष्य गहाण टाकले, त्यांची नातवंडे तेथे पदवीचे शिक्षण घेतात. गोदूताईंचे याहून उचित स्मारक दुसरे नसेल.