मोनॉड नव्हे, मोनो!

एन्व्हायर्नमेंटलच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला एकच प्रश्न विचारला. कागदावर मी अगदी रुबाबात मोनॉडचं समीकरण लिहून दिलं होतं. म्यू बरोबर म्यू मॅक्स गुणिले एस, भागिले के-एस अधिक एस, आणि शेवटी वजा के-डी. सरांनी त्या शेवटच्या 'वजा'वर पेन ठेवलं आणि विचारलं की हे कुणी घातलं आणि कशासाठी. मी बिनधास्त सांगितलं की मोनॉडनेच. सर हसले आणि त्यांनी पुढचा रोल नंबर बोलावला. मार्क किती पडले ते इथे सांगत नाही!

त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसला. दोन वर्षं ज्याचं नाव आपण जर्नलमध्ये लिहितो, तो कोण, कुठला, काहीच माहीत नाही. म्हणून लायब्ररीत शोधलं. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मित्रमैत्रिणींनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.)

पहिला धक्का म्हणजे तो मोनॉड नाहीच. फ्रेंचमध्ये शेवटचा 'ड' उच्चारत नाहीत. त्याचं नाव जाक मोनो. जन्म ९ फेब्रुवारी १९१० चा, पॅरिसमधला. वडील चित्रकार, आई अमेरिकेतल्या मिलवॉकीची. १९१७ मध्ये हे कुटुंब दक्षिण फ्रान्सला कान इथे राहायला गेलं. वडील चित्रकार असूनही डार्विन वाचणारे होते, आणि जीवशास्त्राची गोडी आपल्याला त्यांच्यामुळेच लागली असं मोनो मानायचा. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याचा एक पाय कायमचा अधू राहिला. तरीही हा मुलगा डोंगर चढायचा, होडी चालवायचा आणि चेलो वाजवायचा. पुढे त्याने पॅरिसमध्ये बाखचं संगीत गाणारा एक गट चालवला. १९३६ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेत कॅलटेकला गेला, ते मॉर्गनच्या प्रयोगशाळेत जेनेटिक्स शिकायला, पण तिथेही संगीतातच जास्त रमला. आपल्याकडे गॅदरिंगच्या नादात सेमिस्टर घालवणारे असतात ना, तसंच थोडंफार!

पण त्या कॅलटेकनेच त्याचा जीव वाचवला. १९३४ मध्ये तो एका संशोधन जहाजावरून ग्रीनलंडला जाऊन आला होता. १९३६ मध्ये तेच जहाज पुन्हा निघालं आणि मोनोचाही जायचा विचार होता. मित्राने, म्हणजे बोरिस एफ्रुसीने, त्याला अमेरिकेला नेलं. सप्टेंबरमध्ये ते जहाज आइसलंडच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि एक जण सोडून सगळे गेले.

आता जिवाणूंकडे येऊ. परत आल्यावर मोनोने सोरबोनमध्ये डॉक्टरेटसाठी घेतलेला विषय ऐकायला अगदी बोअर आहे: जिवाणू किती खातात आणि किती वाढतात. काचपात्रात ई. कोलाय टाकायचे, मोजून साखर द्यायची आणि पाणी किती गढूळ होतं ते ठरावीक वेळाने मोजायचं. बस. पण हे त्याने इतकं काटेकोर केलं की त्यातून आपलं ते समीकरण निघालं. साखर भरपूर असेल तर वाढ कमाल वेगाने होते. साखर कमी केली की वेग घटतो, आणि ज्या सांद्रतेला तो निम्मा होतो ती के-एस. सांडपाणी शुद्धीकरण म्हणजे तरी काय, जिवाणूंना आपली घाण खायला घालायची, ते वाढले की त्यांना खाली बसू द्यायचं आणि वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं. म्हणून हे समीकरण आपल्या सिलॅबसमध्ये आहे.

मग त्याने एकाच पात्रात दोन साखरा घातल्या. काही जोड्यांत जिवाणू आरामात वाढले. पण काही जोड्यांत आधी एकच साखर संपली, मग वाढ ठप्प झाली, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या साखरेवर पुन्हा सुरू झाली. हॉस्टेलवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. दिवाळीनंतर घरचा फराळ डब्यात असेपर्यंत मेसकडे कोण बघतं? डबा संपला की एक दिवस तोंड पाडून बसायचं आणि मग मुकाट्याने मेसचं ताट घ्यायचं. मोनोने या प्रकाराला डायऑक्सी असं नाव दिलं. मधल्या काळात जिवाणू रुसून बसत नाहीत, हा फरक. दुसरी साखर पचवणारं एन्झाइम ते तेव्हा तयार करत असतात. हे मोनोच्या लक्षात आणून दिलं पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंद्रे ल्वॉफने. गरज पडेपर्यंत एन्झाइम बनवायचंच नाही, हा जिवाणूचा काटकसरीपणा मोनोने पुढे आयुष्यभर धरून ठेवला.

१९४१ मध्ये डॉक्टरेट मिळाली तेव्हा पॅरिसवर जर्मनांचा ताबा होता. मोनो भूमिगत चळवळीत शिरला. त्याची बायको ओदेत ही पुरातत्त्व अभ्यासक होती. (युद्धाआधी भारतातल्या मंदिरांच्या छायाचित्रांचं पुस्तक तिने केलं होतं, हे वाचून मला उगाचच जवळचं वाटलं.) ती ज्यू घरातली, त्यामुळे ती आणि जुळी मुलं खोट्या कागदपत्रांवर पॅरिसबाहेर राहत होती. प्रयोगशाळेबाहेर एक जिराफाचा सांगाडा उभा होता. त्याच्या पायाच्या पोकळ हाडांत मोनो चळवळीची कागदपत्रं लपवायचा. १९४४ मध्ये त्याच्यावरचा एक सहकारी गेस्टापोच्या हाती लागला आणि मोनोला सोरबोनला जाणंच बंद करावं लागलं. मग ल्वॉफच्या प्रयोगशाळेत चोरून काम. पॅरिस मुक्त झालं तोवर हा जिवाणू मोजणारा माणूस सशस्त्र दलाच्या कारवायांच्या आखणीत वरच्या जागी पोचला होता.

चळवळीत असताना तो कम्युनिस्ट पक्षात गेला आणि १९४५ मध्ये बाहेर पडला. सोव्हिएत रशियात लायसेन्कोने जेनेटिक्सवर बंदी आणवली, तेव्हा सप्टेंबर १९४८ मध्ये मोनोने पॅरिसच्या 'कॉम्बा' या वृत्तपत्रात त्यावर झणझणीत लेख लिहिला. डावे मित्र दुखावले. त्याला पर्वा नव्हती.

आता मला हवी असलेली गोष्ट. युद्धानंतर मोनोने लॅक्टोज ही साखर आणि तिला तोडणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम अभ्यासायला घेतलं. हे एन्झाइम नव्याने बनतं, की पेशीतलीच जुनी प्रथिनं मोडून त्यांच्यातून उभं राहतं? त्या काळी शोनहायमर या शास्त्रज्ञाचं म्हणणं सर्वमान्य होतं. त्याने उंदरांना जड नायट्रोजन खाऊ घालून दाखवलं होतं की शरीरातली प्रथिनं सतत मोडत आणि पुन्हा बनत असतात. मोनोने हॉग्नेस आणि कोन या दोन सहकाऱ्यांबरोबर प्रयोग केला. जिवाणूंना आधी किरणोत्सारी गंधक देऊन वाढवलं, म्हणजे त्यांची जुनी प्रथिनं सगळी 'खुणेची' झाली. मग साधं गंधक दिलं आणि एन्झाइम बनायला लावलं. त्यात जुनी खूण जवळजवळ नव्हतीच! म्हणजे एन्झाइम सगळं नव्या मालातून बनलं आणि जुन्या प्रथिनांना कुणी हात लावला नाही. १९५५ मध्ये हे छापलं गेलं. निष्कर्ष असा की ई. कोलायमध्ये एकदा बनलेलं प्रथिन टिकतं. इथवर ठीक होतं. पण त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. प्राण्यांच्या पेशींमध्ये तरी प्रथिनं आतल्या आत मोडतात याला पक्का पुरावा कुठे आहे, अशी शंका त्यांनी घेतली.

दोन-तीन वर्षांतच लंडनमध्ये जोएल मँडलस्टॅमने तोच जिवाणू घेतला, पण त्याला उपाशी ठेवलं. वाढ थांबली, आणि तासाला सुमारे ५ टक्के प्रथिनं मोडून पुन्हा बनू लागली. मोनोचा प्रयोग चुकला नव्हता. त्याचे जिवाणू पोटभर खाऊन वाढत होते, एवढंच. मला राहून राहून वाटतं की ज्या माणसाने टंचाईच्या पॅरिसमध्ये लपतछपत दिवस काढले, त्याला भुकेला जिवाणू वेगळा वागेल हे सुचायला हवं होतं. पण काचपात्रात वाढ थांबली की आलेखही आडवा होतो. आडव्या रेषेकडे मी तरी कुठे लक्ष देते?

पुढचं भराभर सांगते, कारण ते कुठल्याही बायोटेकवाल्याला माहीत असतं. १९६१ मध्ये फ्रांस्वा जाकोब आणि मोनो यांनी ऑपेरॉनची कल्पना मांडली, म्हणजे जीनला कुलूप लावणारं रिप्रेसर नावाचं प्रथिन आणि लॅक्टोज आलं की उघडणारं ते कुलूप. १९६५ मध्ये जाकोब, ल्वॉफ आणि मोनो यांना नोबेल मिळालं. त्याआधी, १९६० मध्ये, मोनोने हंगेरीतल्या आग्नेस उलमान या संशोधिकेला आणि तिच्या नवऱ्याला कॅराव्हॅनमध्ये लपवून देशाबाहेर काढायला मदत केली होती. भूमिगत काळाची सवय कामी आली! १९६८ मध्ये याच उलमानबरोबर त्याने दाखवलं की ग्लुकोज असताना एन्झाइमचं जे उत्पादन दबलेलं असतं, ते सायक्लिक एएमपी या छोट्या रेणूने पुन्हा सुरू होतं. हा रेणू म्हणजे जिवाणूच्या आतली भुकेची घंटाच. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा नोबेलवाला प्राध्यापक जखमी पोरांना बाहेर काढायला तिथे होता. १९७१ मध्ये तो पाश्चर इन्स्टिट्यूटचा संचालक झाला. ३१ मे १९७६ रोजी कानमध्ये, रक्ताच्या आजाराने तो गेला.

जिवाणू स्वतःची प्रथिनं कशी मोडतात हे नीट कळलं ते त्यानंतर. १९८० च्या दशकात लॉन आणि क्लिप ही प्रथिनं तोडणारी यंत्रं सापडली. ती एटीपी जाळून काम करतात, म्हणजे बनवायलाही ऊर्जा आणि तोडायलाही ऊर्जा! तोडतात ती निवडून. सिग्मा-एस नावाचं एक प्रथिन आहे, संकटकाळचे जीन चालू करणारं. जिवाणू मजेत वाढत असताना ते बनतं आणि क्लिप त्याला एक-दोन मिनिटांत संपवतं. भूक लागली की हे तोडणं थांबतं, सिग्मा-एस साठतं आणि पेशी कडक दिवसांच्या तयारीला लागते. म्हणजे खाऊन-पिऊन असलेल्या जिवाणूतही एखादं प्रथिन सतत मोडलं जात असतं. एकूण मालात त्याचा वाटा इतका नगण्य की मोनोच्या मोजमापात तो दिसणं शक्य नव्हतं. आणि अमिनो आम्लांचा तुटवडा पडला की लॉन चक्क रायबोसोमची प्रथिनं तोडून माल मोकळा करतं. प्रथिनं बनवणारा कारखानाच विकून किराणा भरायचा!

आता माझ्या 'वजा के-डी'चं उत्तर. मोनोच्या मूळ समीकरणात ते नाही. पोटभर खाणाऱ्या जिवाणूंना त्याची गरजच नव्हती. टाकीतले जिवाणू मात्र बहुतेक वेळ अर्धपोटी असतात. ते स्वतःला खातात, काही मरतात, काहींना दुसरे सूक्ष्मजीव खातात. ही सगळी घट इंजिनिअर लोकांनी नंतर एका आकड्यात घालून वजा केली.

हे सरांना सांगायला गेले तर ओरल संपून महिना झाला होता. म्हणून आपल्या हॉस्टेलमागच्या प्लँटवर गेले. तिथले ऑपरेटर काका लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं तपकिरी पाणी भरून अर्धा तास थांबतात आणि गाळ कितीवर बसला ते वहीत लिहितात. मी विचारलं, सगळ्यात कमी गाळ कधी असतो? त्यांनी वहीची मागची पानं उलटून दाखवली. दिवाळीची सुट्टी. हॉस्टेल रिकामं, टाकीत येणारं खाणं बंद, आणि रोजचा आकडा थोडा थोडा खाली.