पापा फ्लॅश

गेल्या वर्षी गॅदरिंगला होस्टेलच्या ग्राउंडवर रात्री कबड्डीची फायनल होती. माझा रूममेट शेवटच्या वर्षाला, म्हणजे कॉलेजातली ही त्याची शेवटचीच मॅच. माझ्या गळ्यात उसना कॅमेरा. दोन हॅलोजनच्या उजेडात शंभरेक फोटो मारले आणि एकातही त्याचा चेहरा नाही! मधल्या रेषेकडे झेपावणारा एक लांबलचक धूर, बस्स. तो काही बोलला नाही, पण सगळे फोटो दोनदा बघितले. तेच जास्त लागलं.

कारण साधं होतं. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याने ऑटोवर शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतकं उघडं ठेवलं. तेवढ्यात गडी फूटभर पुढे! शटर वेगात चालवावं तर फोटो काळाकुट्ट. या पेचातून कुणी सुटलंय का, हे शोधताना हॅरॉल्ड एजर्टन सर सापडले. आणि मित्रांनो, ते निघाले चक्क इलेक्ट्रिकलवाले.

जन्म १९०३ चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला. फोटो काढायला काकांनी शिकवलं. सुट्टीत वीज कंपनीत काम, १९२५ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाची इलेक्ट्रिकलची पदवी, वर्षभर जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी आणि मग एमआयटी (पुण्याचं नव्हे, बॉस्टनजवळचं).

तिथे ते सिंक्रोनस मोटरवर संशोधन करत होते. लोड अचानक बदलला की रोटरचं काय होतं, हे बघायचं होतं. पण गरगरणारा रोटर बघणार कसा? लॅबमधली पाऱ्याच्या वाफेची रेक्टिफायर ट्यूब लुकलुकत होती. तिच्या लुकलुकीशी मोटरचा मेळ बसला की रोटर जागच्या जागी थांबल्यासारखा दिसे. मशीन्सच्या लॅबमध्ये स्लिप मोजायला आपण स्ट्रोबोस्कोप लावतो, तोच हा फंडा. आपण रीडिंग घेऊन जर्नल पूर्ण करतो. एजर्टन सरांना मात्र त्यात आयुष्यभराचं काम दिसलं.

त्यांची युक्ती अशी. कपॅसिटर सावकाश चार्ज करायचा आणि सगळी ऊर्जा एका झटक्यात वायू भरलेल्या नळीत सोडायची. लखलखाट सेकंदाच्या लाखाव्या भागापुरता टिकतो, पण प्रचंड असतो. खोलीत अंधार असेल तर शटर खुशाल उघडं ठेवा. फिल्मवर उमटतो तो फक्त लखलखाटाचा क्षण. म्हणजे क्षण गोठवायचं काम शटरचं नाहीच, उजेडाचं. हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला. अर्ध्या सी व्ही स्क्वेअरचं गणित तर मी परीक्षेत सोडवलं होतं!

१९३६ मध्ये त्यांनी दुधाचा थेंब पडल्यावर उठणारा मुकुट टिपला. पण समाधान होईना. पुन्हा पुन्हा काढत राहिले आणि प्रसिद्ध रंगीत मुकुट आला १९५७ मध्ये. एकवीस वर्षं एका थेंबामागे, आणि मी एका रात्रीत हातपाय गाळले होते. सफरचंदातून आरपार जाणारी गोळी १९६४ ची. तिथे बंदुकीचा आवाज मायक्रोफोनने पकडून फ्लॅश उडवला होता. माणसाच्या बोटाला ते जमणंच शक्य नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात त्यांचे अवाढव्य फ्लॅश विमानात बसवून रात्रीच्या अंधारात शत्रूच्या मुलखाचे फोटो घेतले गेले. १९४७ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर काढलेल्या कंपनीने अणुचाचण्यांचं टायमिंगही सांभाळलं. हे वाचून मी जरा अडखळलो, खोटं कशाला बोलू. नंतर ते कूस्तोंच्या ‘कॅलिप्सो’ जहाजावर समुद्रतळाचे फोटो काढायला गेले. तिथल्या खलाशांनी नाव ठेवलं पापा फ्लॅश. १९९० च्या जानेवारीत, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी एमआयटीच्याच आवारात शेवटचा श्वास घेतला.

इकडे मी होस्टेलच्या बाथरूममध्ये लाइट घालवून बादलीत पडणाऱ्या थेंबाचे फोटो काढू लागलो. (बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांची क्षमा मागतो.) ऑटो फ्लॅश जवळच्या वस्तूवर लवकर तुटतो, म्हणून थेंब छान गोठतो. मोबाइलच्या एलईडीवर हे जमत नाही, तो बराच वेळ जळतो; टॉर्चच म्हणा ना. एक्केचाळीस फोटोंमधला एक बरा आला.

कबड्डीत मात्र फ्लॅश नको. चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांवर उडाला तर गडी पडायचा. शिवाय कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश चार-पाच मीटरपलीकडे पोचतच नाही. तिथे आयएसओ चढवायचा, लेन्स पूर्ण उघडायची आणि शटर निदान पाचशेवर. दाणे दिसले तर दिसू देत, चेहरा तर ओळखू येईल. शिवाय गडी वळताना क्षणभर थबकतो, बटण तेव्हाच दाबायचं.

यंदा माजी विद्यार्थ्यांची मॅच आहे आणि रूममेट येतोय. कॅमेरा पुन्हा उसनाच आहे.