पांडाचा लोगो काढणाऱ्या माणसाने होडीला एक तार लावली, शर्यत जिंकली आणि तारेवरच बंदी आली

डब्ल्यूडब्ल्यूएफचा काळा-पांढरा पांडा तुम्ही हजार वेळा पाहिला असेल. १९६१ साली तो पहिल्यांदा तयार केला पीटर स्कॉट या चित्रकाराने. पण आजचा किस्सा पांडाचा नाही. तो आहे एका तारेचा आणि कमरेच्या पट्ट्याचा.

पीटरचा जन्म १९०९ चा, लंडनचा. वडील म्हणजे दक्षिण ध्रुवावर गेलेले कॅप्टन रॉबर्ट स्कॉट. ध्रुवावर पोचले तर अॅमंडसेन आधीच येऊन गेलेला, आणि परतीच्या वाटेवर १९१२ मध्ये बर्फातच त्यांचा मृत्यू झाला. पीटर तेव्हा अडीच वर्षांचा होता. मुलाला निसर्गाची गोडी लाव, असं त्यांनी शेवटच्या पत्रात बायकोला सांगून ठेवलं होतं. आई कॅथलीन शिल्पकार. तिने ते मनावर घेतलं. पोरगा केंब्रिजला शिकला, रानबदकांच्या मागे चिखलात भटकला, त्यांची चित्रं काढू लागला. या सगळ्यात त्याला दुसरं वेडही लागलं, शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यतींचं. वेड किती? तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये एकट्याने चालवायच्या होडीच्या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवलं.

आता मूळ अडचण समजून घेऊ, म्हणजे तारेची गंमत कळेल.

शिडाच्या छोट्या होडीला डिंगी म्हणतात. शिडात बाजूने वारा भरला की होडी पुढे जाते, पण सोबत एका अंगाला कलंडतेही. मोठ्या नौकेच्या तळाला शिशाचं जड वजन असतं, ते तिला सावरतं. डिंगीला तसं काही नसतं. तिचं वजन म्हणजे आत बसलेली माणसं. होडी कलली की शिडातला वारा निसटतो आणि वेग पडतो. म्हणून माणसं वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसतात, पाय आत अडकवतात आणि अंग बाहेर झोकून देतात. पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू रडायला लागतात, पण इलाज नसतो.

बागेतला सीसॉ आठवा. हलकं पोर अगदी टोकाला बसलं, तर मधल्या भागात बसलेल्या जाड पोरालाही उचलतं. इथेही तोच हिशेब, वजन गुणिले अंतर. समजा ७० किलोचा माणूस काठावर ओणवून होडीच्या मध्यापासून ८० सेंटीमीटरवर आपला भार टाकतोय. तोच भार १६० सेंटीमीटरवर नेता आला, तर एकाच माणसात दोघांचं काम होतं. वजन तेच, जोर दुप्पट. प्रश्न एवढाच की पाण्यावर अधांतरी माणूस ठेवायचा कसा?

अर्धं उत्तर थेम्स नदीवर आधीच सापडलं होतं. तिथल्या उंच शिडांच्या ए-रेटर होड्यांवर बीचर मूर आणि त्याचे साथीदार डोलकाठीवरून सोडलेला दोर हाताने धरून बाहेर झुकत. कल्पना झकास, पण दोर धरून किती वेळ लटकणार? हात भरून येतात. शिवाय दोन्ही हात दोरात गुंतले, तर शिडाची दोरी ओढायची कुणी?

पीटर आणि त्याचा जोडीदार जॉन विंटर यांनी १९३८ मध्ये उरलेलं अर्धं उत्तर शोधलं: हाताने धरूच नका, कमरेने लटका. डोलकाठीवर उंच बांधलेली तार, तिचं खालचं टोक अंगावरच्या पट्ट्यात अडकवायचं, तळपाय होडीच्या काठावर रोवायचे आणि सरळ उभं राहायचं. फक्त हे उभं राहणं आडवं! अख्खं शरीर पाण्यावर, हात मोकळे. वारा पडला की झटकन आत यायचं, नाहीतर पाठ पाण्यात. सर्कशीतल्या झोपाळ्यावरून या प्रकाराला पुढे ट्रॅपीझ हे नाव मिळालं.

इंटरनॅशनल फोर्टीन म्हणजे १४ फुटी होड्यांचा वर्ग. त्यातला मानाचा चषक प्रिन्स ऑफ वेल्स कप. दोघांची होडी होती उफा फॉक्सने आरेखन केलेली 'थंडर अँड लाइटनिंग'. तार लावून ते उतरले आणि चषक जिंकला.

आणि लगेच त्या वर्गात तारेवर बंदी आली.

आपल्याला हे आज हास्यास्पद वाटेल. पण समोरच्यांची बाजूही पाहा. उद्या एकाने तार लावली की सगळ्यांना लावावी लागणार, आणि काल जिंकणारी होडी आज मागे पडणार. तरी माझं मत विचाराल तर घाई झाली. पीटर मात्र रुसून बसला नाही. युद्धात नौदलात लढून आला आणि १९४६ मध्ये तोच चषक पुन्हा जिंकला, या वेळी तारेशिवाय. त्याच वर्षी स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी संस्थाही उभी केली.

खरी गंमत पुढे आहे. १९५० च्या दशकात फ्लाइंग डचमन आणि फाइव्ह-ओ-फाइव्ह या नव्या वेगवान होड्या आल्या, तारेसकट. फ्लाइंग डचमन १९६० मध्ये ऑलिंपिकमध्ये पोचली. त्या वेळी शिडाच्या शर्यतींच्या जागतिक संघटनेचा अध्यक्ष कोण होता? पीटर स्कॉट. १९५५ ते १९६९ अशी १४ वर्षं ती खुर्ची त्याच्याकडे होती. १९७३ मध्ये तो 'सर' झाला, आणि १९८९ मध्ये, ऐंशी पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले असताना, वारला.

ती तार आपल्याकडेही आली. १९८२ च्या आशियाई खेळांत मुंबईच्या समुद्रात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकलं ते फायरबॉल या तारेवाल्या होडीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर ज्या फोर्टीनायनरमध्ये उतरले, तिच्यात तर सुकाणू धरणाराही तारेवरच असतो.

आणि ज्या इंटरनॅशनल फोर्टीनने बंदी घातली होती, तिथे आज एक नाही, दोन तारा असतात.