भाभांचे धावते घड्याळ

डॉ. होमी जहांगीर भाभा म्हटले की तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी आणि अणुऊर्जा आयोग आठवतो. प्रशासक भाभांच्या या छायेत संशोधक भाभा मात्र काहीसे झाकोळले गेले.

मुंबईतील सधन पारशी कुटुंबात ३० ऑक्टोबर १९०९ रोजी जन्मलेल्या होमींनी केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा होता पदार्थविज्ञानाकडे. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळाल्यास पुढे गणित शिकण्याची मुभा, असा समझोता झाला आणि १९३० मध्ये होमींनी तो वर्ग मिळवला.

पुढची काही वर्षे त्यांच्या प्रतिभेच्या बहराची होती. १९३८ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये त्यांचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. विश्वकिरणांतील जड कण अल्पायुषी असले पाहिजेत, असे सांगताना त्यांनी एक मार्मिक गोष्ट सुचवली. असा प्रत्येक कण म्हणजे जणू धावते घड्याळ! वेगाने काळ मंदावतो हा आइनस्टाइन यांचा सिद्धांत खरा असेल, तर वेगवान कण संथ कणापेक्षा अधिक काळ जगलेला दिसला पाहिजे. त्यांना अभिप्रेत असलेला युकावांचा कण आणि विश्वकिरणांत सापडलेला म्युऑन वेगवेगळे, हे १९४७ मध्ये उमगले. युक्तिवादाला त्याने बाध आला नाही.

१९३९ मध्ये सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे भारतातच राहिले. बंगळुरात शिकवले, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले. देशाला संस्था मिळाल्या. स्वतःच्या संशोधनाला मात्र वेळ उरला नाही. ही किंमत लहान नव्हती.

२४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाला उतरू पाहणारे त्यांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्याच जिनिव्हालगतच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात म्युऑन चुंबकीय कड्यात कोंडून फिरवण्यात आले. स्थिर असताना सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगणारा हा कण तेथे सुमारे ६४ मायक्रोसेकंद टिकला. जर्मनीतील डार्मस्टाट येथे तर लिथियमचे आयन अशाच कड्यात प्रकाशाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने फिरवून लेसरच्या साह्याने त्यांचा मंदावलेला काळ मोजला गेला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सिद्धांत त्याही कसोटीला उतरला.