देवगिरीचा रामचंद्र

देवगिरीचा रामचंद्र, म्हणजे आपला रामदेवराव यादव, मराठी वाचकास आठवतो तो बहुधा दोन प्रसंगांनी. इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा तिच्या अखेरीस त्याच्या न्यायी राज्याचा गौरव झाला. आणि पुढे सहाच वर्षांत त्या राज्याचा कणा मोडला. हे इतक्या झटपट कसे घडले, याचे उत्तर केवळ परचक्राकडे बोट दाखवून मिळेल असे आम्हांस वाटत नाही.

रामचंद्र १२७१ मध्ये गादीवर आला तो चुलतभाऊ आमण यास पदच्युत करून. नटांच्या वेषात आपली माणसे घेऊन तो गडात शिरला, असे परंपरा सांगते. हेमाद्रीसारखा श्रीकरणाधिप त्याच्या पदरी होता. त्याच्या फौजा माळव्याशी लढल्या, १२७६ च्या सुमारास होयसळांच्या द्वारसमुद्रापर्यंत धडकल्या. लूट मिळाली, राजधानी मात्र हाती लागली नाही. शेजाऱ्यांशी अशी झुंज चालू असता उत्तरेत काय शिजत आहे याची खबर ठेवणारे कोणी दिसत नाही.

१२९६ मध्ये कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन काही हजार स्वारांनिशी एलिचपुरावरून देवगिरीवर आला, तेव्हा युवराज शंकरदेव सैन्यासह दूर होता. राजा किल्ल्यात कोंडला गेला. घाईने वर चढविलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही फिरिश्त्याची हकीकत प्रसिद्धच आहे. परंतु आमच्या मते मिठाहून घातक ठरली ती एक हूल. मागून सुलतानाचे वीस हजार घोडदळ येत आहे, असे अल्लाउद्दीनाने पसरविले. वस्तुतः दिल्लीच्या जलालुद्दीनास या स्वारीचा पत्ताही नव्हता. पुतण्या चुलत्याच्या चोरून आला होता! परतलेल्या शंकरदेवाने त्यास जेरीस आणले असता, वेढ्यावर ठेवलेली त्याचीच तुकडी धूळ उडवीत आली आणि यादवांनी तिलाच दिल्लीचे सैन्य मानले. नटवेषात गड घेणाऱ्या राजास सोंग ओळखता आले नाही. देवगिरीच्या सोन्याच्या बळावर अल्लाउद्दीनाने त्याच वर्षी चुलत्याचा वध करवून तख्त बळकाविले.

खंडणी थकल्यावर १३०७ च्या सुमारास मलिक काफूरने रामचंद्रास दिल्लीस नेले. तेथे त्याचा सन्मान झाला, रायरायान हा किताब मिळाला. त्याची किंमत जबर होती. वरंगळवर आणि पुढे द्वारसमुद्रावर चाललेल्या काफूरच्या फौजेस देवगिरीनेच वाट आणि रसद पुरविली. यास भेकडपणा म्हणावयास आम्ही तयार नाही. वृद्ध राजाने प्रजेस दुसरी लूट टाळली, हेही खरे. तथापि वैर विसरून ज्यांच्याशी वेळीच एकोपा करावयाचा, त्यांच्याच दारी त्याने शत्रू पोहोचविला.

नवल असे की, १३१० च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात या मांडलिक राजाने म्लेंच्छांपासून वाराणसी मुक्त केल्याची प्रशस्ती कोरलेली आहे. त्यानंतर वर्षभरात तो वारला. शंकरदेवाने खंडणी नाकारली आणि तो काफूरशी लढताना पडला; जामात हरपाळदेवाने पुन्हा उठाव केला, त्याला १३१८ मध्ये मुबारक खिलजीने क्रूरपणे ठार केले आणि देवगिरीवर दिल्लीचा सुभेदार बसला.