ग्रीनब्रायर रस्त्यावरील फलक आणि हॅरिएट टबमन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रस्त्याच्या कडेला खांबांवर बसविलेले स्मरणफलक पुष्कळ आढळतात. या ठिकाणीं कोण राहिलें, कोणती लढाई झाली, हें चार-सहा ओळींत सांगावें आणि प्रवाशानें तें वाचून पुढें जावें, अशी त्यांची योजना असते. मेरीलँड संस्थानांतील डॉर्चेस्टर जिल्ह्यांत, बकटाऊन गांवाजवळील ग्रीनब्रायर रस्त्यावर, तेथील यादवी युद्धाच्या शतसांवत्सरिकाच्या निमित्तानें असाच एक फलक उभारण्यांत आला. हॅरिएट टबमन, जन्म 1820, मृत्यु 1913. आपल्या लोकांची मोशे. तिनें सुमारें तीनशें गुलामांस स्वातंत्र्याप्रत नेलें. युद्धांत शुश्रूषा व हेरगिरी केली. असा त्याचा आशय. ज्या शेताजवळ तो उभा केला, तेंच तिचें जन्मस्थान असें लोक समजत. तिचें चरित्र वाचतांना आम्हांस असें आढळलें कीं, या थोडक्या मजकुरांत जन्माचें वर्ष चुकलें आहे, संख्या चुकली आहे, आणि जन्मस्थानाची समजूतहि चुकीची आहे. म्हणून तिची खरी हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

तिचें मूळचें नांव अरामिंटा रॉस. घरीं तिला मिंटी म्हणत. बाप बेन रॉस एका मालकाचा गुलाम, आई रिट दुसऱ्याची. गुलामाच्या घरीं जन्मतिथि कोण लिहून ठेवणार? परंतु सुईणीस दिलेल्या पैशांची नोंद हिशेबांत राहिली, आणि तीवरून तिचा जन्म 1822 च्या सुमारास झाला असें संशोधक आतां मानतात. अगदीं लहानपणींच मालकानें तिला परक्यांच्या घरीं कामास भाड्यानें दिलें. रात्रभर तान्हें मूल संभाळावें, आणि तें रडलें कीं हिच्या पाठीवर चाबूक बसावा! पुढें थंडींत दलदलींत उतरून प्राण्यांचे सांपळे पाहण्याचें काम तिच्या वांट्यास आलें. तिच्या तीन बहिणी दक्षिणेकडे विकल्या गेल्या; त्या पुन्हां दिसल्या नाहींत.

बकटाऊनच्या दुकानांत एकदां एका पळणाऱ्या गुलामावर मुकादमानें दोन पौंडांचें वजन भिरकाविलें, तें या पोरीच्या डोक्यास लागलें. त्या दिवसापासून बोलतां बोलतां तिला एकाएकीं गुंगी येई, ती अखेरपर्यंत राहिली. त्या गुंगींत तिला जीं दृश्यें दिसत, तीं ईश्वराचे संकेत होत असें ती मानी.

सुमारें 1844 सालीं जॉन टबमन नामक स्वतंत्र कृष्णवर्णी गृहस्थाशीं तिचा विवाह झाला, व तिनें हॅरिएट हें नांव घेतलें. 1849 त मालक मरण पावला. आतां आपली विक्री होणार हें ओळखून ती दोन भावांसह निघाली. भाऊ भ्याले आणि सगळींच परत आलीं. मग ती एकटी निघाली व फिलाडेल्फियास पोंचली. मालकिणीनें जाहिरात दिली होती: संस्थानाबाहेर धरून दिल्यास प्रत्येकीं 100 डॉलर. पुढें आख्यायिकेनें तिच्या डोक्यावरील बक्षिसाचे चाळीस हजार डॉलर केले, पण त्यास आधार नाहीं.

1850 च्या डिसेंबरांत तिच्या केसाया नांवाच्या भाचीचा, दोन मुलांसह, केंब्रिज गांवच्या न्यायकचेरीच्या दारांत लिलाव झाला. सर्वांत मोठी बोली करणारा इसम म्हणजे त्या बाईचाच नवरा, जॉन बोली! तो स्वतंत्र असून जहाजाचा सुतार होता. जवळ पैसा मात्र नव्हता. पैसे भरण्याची वेळ आली तेव्हां बोली करणाराहि नाहीं आणि माल म्हणून उभी केलेली बायको-मुलेंहि नाहींत. रात्रीं होडींतून तीं बाल्टिमोरास गेलीं. तेथें हॅरिएट वाट पाहत होती. पुढल्या वर्षीं ती नवऱ्यास आणावयास गेली, तों त्यानें दुसरी बायको केलेली!

1854 च्या नाताळांतील प्रसंग आम्हांस सर्वांत हृदयद्रावक वाटतो. सण झाला कीं तिच्या तीन भावांची विक्री व्हावयाची होती. ती त्यांना घेऊन आईबापांच्या झोंपडीजवळ वैरणीच्या कोठारांत लपली. पाऊस पडत होता. आई मुलें जेवावयास येतील म्हणून दाराशीं वाट पाहत होती. तिला कळवावें तर ती हंबरडा फोडील, म्हणून कळविलें नाहीं. लेकरांनीं झोंपडीच्या फटींतून तिला पाहून घेतलें. बापानें अन्न आणून दिलें, पण मुलांकडे पाहिलें नाहीं. बोळवण करतांना डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांच्या हातांच्या आधारानें थोडी वाट चालला. दुसऱ्या दिवशीं विचारणा झाली तेव्हां, आपण मुलांस पाहिलें नाहीं, असें त्यास खोटें न बोलतां सांगतां आलें.

अशा सुमारें तेरा फेऱ्या, व त्यांत सुमारें सत्तर माणसें, असा आजच्या संशोधकांचा हिशेब आहे. यांपैकीं पुष्कळशीं तिचीं स्वतःचीं आप्तेष्ट होतीं. याखेरीज कित्येकांस तिनें नुसती वाट सांगून धाडलें. तीनशेंचा आंकडा सारा ब्रॅडफर्ड या बाईंनीं 1868-69 च्या सुमारास लिहिलेल्या चरित्रावरून पसरला. ऑबर्न येथें 1914 त बसविलेल्या ब्राँझच्या फलकावरहि तोच कोरला गेला. आम्हांस तर सत्तर हाच आंकडा मोठा वाटतो. कारण त्यांतील बहुतेकांचीं नांवें सांगतां येतात.

युद्धांत, 1863 च्या जून महिन्यांत, तिनें गोळा केलेल्या माहितीवर कोंबाही नदीवर सैन्य गेलें, व सातशेंहून अधिक गुलाम एका रात्रींत सुटले. या कामाबद्दल सरकारनें तिला फारच थोडें दिलें. तीस वर्षांनीं दरमहा आठ डॉलर मिळाले, ते दुसऱ्या पतीची विधवा म्हणून. या गुलामगिरीच्या नाशाचें मोल आपल्या इकडे ओळखलें गेलें होतें. जोतीबा फुल्यांनीं 1873 त ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील मुक्तिदात्या लोकांसच अर्पण केलें.

10 मार्च 1913 रोजीं ऑबर्न येथें तिनें देह ठेविला. बेन रॉसच्या झोंपडीची जागा मात्र संशोधकांस सांपडली ती 2021 सालीं, ब्रोडेस कुटुंबाच्या त्या शेतापासून कित्येक मैल दूर, ब्लॅकवॉटर नदीच्या दलदलीच्या प्रदेशांत. तेथें मातींत फुटक्या बशांचे तुकडे मिळाले, आणि 1808 सालचें एक नाणें.