एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग (जन्म : १८ डिसेंबर १८९०, न्यूयॉर्क, मृत्यू : १ फेब्रुवारी १९५४, न्यूयॉर्क) हे अमेरिकन विद्युत अभियंते व रेडिओ-संशोधक होते. रिजनरेटिव्ह मंडल, सुपरहेटरोडाइन ग्राही आणि विस्तृत पट्ट्याचे कंप्रता विरूपण, म्हणजेच एफएम प्रक्षेपण, हे त्यांचे तीन प्रमुख शोध होत. पहिल्या शोधामुळे दुर्बळ रेडिओ संकेत ऐकू येण्याइतके प्रबळ झाले, दुसऱ्यामुळे सामान्य माणसाला घरी सहज वापरता येईल असा रेडिओ संच तयार झाला आणि तिसऱ्यामुळे रेडिओवरील खरखर जवळजवळ नाहीशी झाली. अभियंत्यांनी त्यांना हयातीतच सर्वोच्च सन्मान दिले. परंतु या शोधांच्या मालकीसाठी त्यांना आयुष्यातील अनेक वर्षे न्यायालयांत घालवावी लागली.

बालपण आणि शिक्षण

आर्मस्ट्राँग यांचा जन्म न्यूयॉर्क शहरातील चेल्सी भागात झाला. वडील जॉन आर्मस्ट्राँग हे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत काम करीत, तर आई एमिली या विवाहापूर्वी शिक्षिका होत्या. बालपणी झालेल्या कंपवाताच्या एका विकारामुळे त्यांना सुमारे दोन वर्षे शाळेपासून दूर राहावे लागले. या काळात त्यांचे शिक्षण घरीच झाले. मानसिक ताण आला की मान व खांदा झटकण्याची सवय या आजारातून त्यांना आयुष्यभरासाठी जडली. पुढे हे कुटुंब हडसन नदीकाठच्या योंकर्स गावी राहावयास गेले. मार्कोनी यांच्या बिनतारी संदेशवहनाविषयी वाचून आर्मस्ट्राँग यांना शालेय वयातच या विषयाचा ध्यास लागला. घराच्या वरच्या मजल्यावरील खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि दूरचे क्षीण संकेत पकडता यावेत म्हणून घराजवळ सुमारे १२५ फूट उंचीचा आकाशकाचा खांब स्वतः उभारला. उंच मनोऱ्यांवर चढण्याचे वेड त्यांना अखेरपर्यंत होते.

१९०९ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. तेथे त्यांना भौतिकीविद मायकेल प्यूपिन यांचे मार्गदर्शन लाभले. १९१३ मध्ये ते पदवीधर झाले.

रिजनरेटिव्ह मंडल

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ऑडिऑन ही तीन विद्युत अग्रांची नलिका तयार केली होती. परंतु तिचे कार्य नेमके कसे चालते, हे बराच काळ कोणालाच, खुद्द डी फॉरेस्ट यांनाही, नीट उलगडले नव्हते. आर्मस्ट्राँग यांनी विद्यार्थिदशेत या नलिकेचा पद्धतशीर अभ्यास केला. नलिकेतून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग पुन्हा तिच्या प्रवेशाकडे वळवला, तर तोच संकेत वारंवार वाढत जाऊन कित्येक पटींनी प्रबळ होतो, असे त्यांना १९१२ मध्ये आढळले. पूर्वी श्रवणयंत्र कानाला लावूनही जेमतेम कळणारे दूरच्या केंद्रांचे संकेत आता खोलीभर ऐकू येऊ लागले. हा परतीचा अंश एका मर्यादेपलीकडे वाढवला, की नलिका स्वतःच अखंड रेडिओ तरंग निर्माण करू लागते, हेही त्यांनी ओळखले. एकाच मंडलातून ग्राही आणि प्रेषक अशी दोन्ही कामे साधली.

एकस्वासाठी लागणारे पैसे पदवी मिळेपर्यंत देण्यास वडिलांनी नकार दिला. त्यामुळे ३१ जानेवारी १९१३ रोजी आर्मस्ट्राँग यांनी मंडलाची आकृती केवळ नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. एकस्वाचा अर्ज त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दाखल झाला आणि ६ ऑक्टोबर १९१४ रोजी एकस्व मिळाले.

सुपरहेटरोडाइन ग्राही

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन दलातील अधिकारी म्हणून पॅरिसमध्ये होते. त्या काळातील नलिका उच्च कंप्रतेचे क्षीण संकेत वाढवण्यास असमर्थ होत्या. १९१८ मध्ये त्यांनी यावर तोडगा काढला. येणाऱ्या संकेतात ग्राहीतच निर्माण केलेला दुसरा तरंग मिसळायचा, दोघांच्या कंप्रतांतील फरकाएवढ्या एका ठरावीक मध्यम कंप्रतेवर संकेत आणायचा आणि मग तो तेथेच वाढवायचा, अशी ही पद्धत आहे. केंद्र कोणतेही लावले, तरी वर्धनाचे काम एकाच कंप्रतेवर होत असल्याने संच संवेदनक्षम होतो आणि शेजारच्या केंद्रांचा आवाज त्यात मिसळत नाही. अनेक बटणे जुळवत बसण्याची गरजही उरली नाही. फ्रान्समध्ये ल्युसिअन लेव्ही यांनीही याच सुमारास अशीच कल्पना मांडली होती. त्यामुळे या शोधाच्या श्रेयाबाबतही वाद झाला.

१९२४ पासून असे संच बाजारात आले. पुढे मध्यम लहरी व लघुलहरींवरील बहुतेक घरगुती रेडिओ आणि नंतरचे ट्रान्झिस्टर याच तत्त्वावर तयार झाले. भारतीय घरांतील संचही त्याला अपवाद नव्हते. मध्यम लहरींच्या संचांत ही मध्यम कंप्रता सर्वसाधारणपणे ४५५ किलोहर्ट्झ, तर एफएम संचांत १०.७ मेगाहर्ट्झ असते.

१९२० मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने त्यांची दोन प्रमुख एकस्वे ३,३५,००० डॉलरांना विकत घेतली. १९२२ मध्ये त्यांनी सुपररिजनरेशन हा आणखी एक शोध रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरसीए, या कंपनीला विकला. मोबदल्यात मिळालेल्या समभागांमुळे ते त्या कंपनीचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक बनले. १९२३ मध्ये त्यांचा विवाह मॅरियन मॅकइनिस यांच्याशी झाला. त्या आरसीएचे अधिकारी डेव्हिड सारनॉफ यांच्या सचिव होत्या. आर्मस्ट्राँग यांनी त्यांना स्वतः बनवलेला, हातात नेता येण्याजोगा सुपरहेटरोडाइन संच विवाहाची भेट म्हणून दिला.

डी फॉरेस्ट यांच्याशी वाद

रिजनरेटिव्ह मंडलाचा शोध आपणच आधी लावला, असा दावा डी फॉरेस्ट यांनी केला. १९१२ मध्ये एका वर्धक मंडलात त्यांना शीळ ऐकू आली होती. तिची नोंद हा त्यांच्या दाव्याचा आधार होता. सुरुवातीचे निकाल आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने लागले. मात्र पुढे पारडे फिरले आणि १९२८ व १९३४ अशा दोन्ही वेळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांचा हक्क मान्य केला. तांत्रिक बाजू समजून घेण्यात न्यायालयाची गल्लत झाली, असे अनेक अभियंत्यांचे मत होते.

याच शोधासाठी इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्स या संस्थेने आर्मस्ट्राँग यांना आपले पहिले सन्मानपदक दिले होते. १९३४ च्या निकालानंतर त्यांनी ते परत करण्याची तयारी दर्शवली. संस्थेने ते परत घेण्यास नकार देऊन त्यांचे श्रेय जाहीरपणे पुन्हा मान्य केले.

एफएम प्रक्षेपण

सुरुवातीच्या रेडिओत ध्वनीनुसार तरंगाचा परमप्रसर, म्हणजे त्याची उंची, बदलली जाई. या पद्धतीस एएम म्हणतात. वीज चमकल्यामुळे किंवा विद्युत यंत्रांतील ठिणग्यांमुळे होणारा गोंगाटही तरंगाच्या उंचीतच भर घालतो. त्यामुळे ग्राहीला ध्वनी कोणता आणि गोंगाट कोणता, हे वेगळे ओळखता येत नाही. प्रेषकाची शक्ती वाढवणे एवढाच उपाय त्या काळी हाती होता.

प्यूपिन आणि आर्मस्ट्राँग यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. तरंगाची उंची स्थिर ठेवून ध्वनीनुसार त्याची कंप्रता बदलावी, ही कल्पना नवी नव्हती. परंतु जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये गणिताच्या आधारे तिचा काही लाभ नसल्याचे दाखवले होते. ते गणित अरुंद पट्ट्यापुरते होते. गोंगाट कमी हवा तर पट्टा अरुंद हवा, असा सर्वमान्य समज होता. आर्मस्ट्राँग यांनी नेमके उलट केले. त्यांनी कंप्रतेतील बदल मोठा ठेवला आणि प्रक्षेपणास एएमच्या कितीतरी पट रुंद पट्टा दिला. ग्राहीत तरंगाच्या उंचीतील चढउतार आधी छाटून टाकायचे आणि मग केवळ कंप्रतेतील बदलांतून ध्वनी परत मिळवायचा, अशी त्यांनी रचना केली. उंचीबरोबर गोंगाटाचा मोठा भागही छाटला गेला. रुंद पट्ट्यामुळे सुमारे १५,००० हर्ट्झपर्यंतचे उच्च स्वर पोहोचवणे शक्य झाले आणि वाद्यांचा मूळ पोत घरच्या संचातही ऐकू येऊ लागला. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना या पद्धतीची एकस्वे मिळाली.

१९३४ व १९३५ मध्ये आरसीएच्या सहकार्याने न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमधून चाचण्या झाल्या. सुमारे ७० मैलांवरील लाँग आयलंडमध्येही स्वच्छ ध्वनी ऐकू आला. नोव्हेंबर १९३५ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांसमोर निबंध वाचला आणि प्रत्यक्ष प्रक्षेपण ऐकवले. पेल्यात पाणी ओतण्याचा आणि कागद चुरगळण्याचा आवाजही श्रोत्यांना स्पष्ट ओळखता आला.

तथापि, आरसीएचे लक्ष दूरचित्रवाणीकडे वळले होते. कंपनीने त्यांना एम्पायर स्टेट बिल्डिंगमधील उपकरणे हलवण्यास सांगितले. त्यानंतर आर्मस्ट्राँग यांनी स्वखर्चाने न्यू जर्सीतील अल्पाइन येथे ४२५ फूट उंचीचा मनोरा आणि केंद्र उभारले. तेथून १९३९ मध्ये नियमित प्रक्षेपण सुरू झाले. न्यू इंग्लंडमधील यँकी नेटवर्कनेही ही पद्धत स्वीकारली. १ जानेवारी १९४१ पासून अमेरिकेत ४२ ते ५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात व्यावसायिक एफएम केंद्रांना परवानगी मिळाली. दुसऱ्या महायुद्धात आर्मस्ट्राँग यांनी आपली एकस्वे सैन्याला विनामूल्य वापरू दिली.

पट्टा बदल आणि अखेरची वर्षे

१९४५ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने एफएमचा पट्टा ८८ मेगाहर्ट्झच्या वर हलवला. वातावरणाच्या वरच्या थरांतून परावर्तित होणाऱ्या दूरच्या केंद्रांचा अडथळा टाळण्यासाठी हा बदल आवश्यक असल्याचे सांगण्यात आले. आर्मस्ट्राँग यांनी या कारणाला हरकत घेतली, पण ती मान्य झाली नाही. लोकांनी विकत घेतलेले काही लाख संच आणि उभी असलेली केंद्रे या एका निर्णयाने निरुपयोगी झाली. एफएमची वाढ त्यामुळे अनेक वर्षे रखडली.

आरसीएने १९४० मध्ये एफएमच्या वापरासाठी १० लाख डॉलरांची एकरकमी रक्कम देऊ केली होती. इतर उत्पादक विक्रीच्या प्रमाणात स्वामित्वशुल्क देत असल्याने आर्मस्ट्राँग यांनी ती नाकारली. पुढे कंपनीने आपली पद्धत स्वतंत्र असल्याचे सांगून शुल्क न देता संच बनवले. जुलै १९४८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आरसीए आणि एनबीसी यांच्यावर दावा दाखल केला. साक्षी व उलटतपासण्या लांबत गेल्या. दरम्यान १९५० मध्ये मूळ एकस्वांची मुदतही संपली. संपत्ती आटली, प्रकृती ढासळली आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये झालेल्या भांडणात त्यांनी हात उगारल्यानंतर मॅरियन घर सोडून बहिणीकडे गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री आर्मस्ट्राँग यांनी न्यूयॉर्कमधील राहत्या घरी आत्महत्या केली.

मॅरियन यांनी न्यायालयीन लढा सोडला नाही. डिसेंबर १९५४ मध्ये आरसीएने सुमारे १० लाख डॉलर देऊन तडजोड केली. इतर कंपन्यांवरील दावे त्यांनी एकामागून एक जिंकले किंवा तडजोडीने मिटवले. त्यांतील शेवटचा, मोटोरोला कंपनीविरुद्धचा, १९६७ मध्ये संपला.

घरगुती रेडिओ ग्रहणावरील प्रभाव

एफएमचे घरातील ग्रहण ज्या गुणधर्मांवर अवलंबून असते, ते आर्मस्ट्राँग यांच्या पद्धतीतच अंतर्भूत आहेत. एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे आली, तर ग्राही प्रबळ संकेत धरतो आणि दुर्बळ दाबून टाकतो. संकेत एका ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत ध्वनी स्वच्छ राहतो, मात्र त्याखाली गोंगाट झपाट्याने वाढतो. हे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे प्रेषकाची शक्ती वाढवण्याइतकेच आकाशक उंचावर व मोकळ्या जागी असण्याला महत्त्व असते. संच खिडकीजवळ नेल्यास किंवा छतावर आकाशक बसवल्यास आवाज सुधारतो, तो याच कारणाने. इमारतींवरून परावर्तित झालेला संकेत मूळ संकेतात मिसळल्यास एफएमचा ध्वनी फाटल्यासारखा येतो. अशा वेळी आकाशकाची दिशा किंवा जागा थोडीशी बदलणेही पुरेसे ठरते.

डीएबी व डीआरएम या अलीकडच्या डिजिटल पद्धतींत ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करून प्रक्षेपण होते. त्यांत खरखर ऐकू येत नाही, पण संकेत फारच दुर्बळ झाल्यास आवाज तुटू लागतो आणि मग एकदम बंद पडतो. ध्वनीचा दर्जा येथे प्रामुख्याने दर सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या प्रमाणावर ठरतो. हे प्रमाण फार कमी ठेवल्यास चांगल्या एफएम ग्रहणापेक्षा डिजिटल ध्वनी निकृष्टही ठरू शकतो. आकाशकाची उंची आणि जागा यांचे महत्त्व मात्र येथेही कायम आहे. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रक्षेपण बंद करून डीएबी स्वीकारले. भारतात आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएमचा अवलंब केला आहे.

सन्मान आणि वारसा

आर्मस्ट्राँग यांना १९४१ मध्ये फ्रँकलिन पदक आणि १९४२ मध्ये एडिसन पदक मिळाले. १९३४ पासून ते कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. मात्र विद्यापीठाचा पगार न घेता संशोधनाचा खर्च ते स्वतःच करीत. मृत्यूनंतर १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांचा समावेश झाला आणि १९८३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले.

१९६१ मध्ये अमेरिकेत एफएमवरून स्टीरिओ प्रक्षेपणास मान्यता मिळाली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील एफएमच्या श्रोत्यांची संख्या एएमहून अधिक झाली. भारतात पहिले एफएम प्रक्षेपण १९७७ मध्ये तत्कालीन मद्रास येथून झाले. अल्पाइनचा मनोरा अद्याप उभा असून, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील प्रेषक नष्ट झाल्यानंतर न्यूयॉर्कमधील काही दूरचित्रवाणी केंद्रांनी तात्पुरते प्रक्षेपण तेथूनच केले.